चूल, गिरणी आणि टोपली

जुबिलीच्या स्मरणग्रंथांत देवळाचा पाया कोणत्या सालीं घातला गेला, घंटा कोठून आणिली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, हा वृत्तांत असतो. आणि तो असावा हें योग्यच आहे. परंतु देवळाच्या बांधणीचा जमाखर्च उलगडून पाहिला तर मोठ्या देणगीदारांच्या नांवांखालीं लहानसहान रकमांची लांब रांग लागते, आणि त्यांतील कितीतरी रकमा बायकांच्या पदराच्या गांठींतून सुटलेल्या असतात. तो पैसा त्यांनीं कसा मिळविला, तो मिळवितांना पाळण्यांतील मूल कोणाच्या स्वाधीन केलें, आणि त्याबद्दल त्यांस शाबासकी मिळाली कीं बोल लागला, हें सहसा कोणी लिहून ठेवीत नाहीं. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. मुंबई शहर व त्याच्या उत्तरेचा किनारा एवढ्याच मुलखापुरता तो ठेविला आहे. कारण रोजगार आणि संसार यांचा मेळ बायकांनीं कसा घातला, किंवा तो त्यांस कसा घालूं दिला गेला नाहीं, हें पाहावयास याहून चांगली जागा क्वचितच सांपडेल.

स्त्रिया कामाला लागल्या आणि घरें विसकटलीं, असें बोलण्याची एक चाल पडून गेली आहे. हें बोलणें इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. वसईच्या वाडींतील बाई कामाला केव्हां नव्हती? बावखलाचें पाणी केळीला आणि पानवेलीला पोंचविण्यास तिचा हात लागे. भाजी खुडणें, जुड्या बांधणें, फुलें वेंचणें, टोपली भरणें हीं कामें तर बहुतेक तिचींच. मात्र तिच्या कामाला आणि घराला कुंपण एकच होतें. झाडाच्या फांदीला झोळी बांधून मूल निजवावें, हांकेच्या अंतरावर सासू किंवा जाऊ असावी, चुलीवर भात ठेवून वाफ्यांत उतरावें, असा तो प्रकार. तें सुखाचें जिणें होतें असें कोणी समजूं नये. ती सर्वांच्या मागून जेवीत असे, आणि बाळंतपणांत दगावणाऱ्या बायकांची संख्या कांहीं थोडी नव्हती. सांगावयाचें तें इतकेंच कीं, ‘काम करावें कीं संसार सांभाळावा’ हा प्रश्न तिला कोणी विचारीत नसे, कारण दोहोंची फारकत झालेली नव्हती.

ती फारकत गिरणीनें केली. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी काढिली आणि १८५६ सालीं ताडदेवास मुंबईची पहिली कापडगिरणी चालूं झाली. पुढील अर्धशतकांत परळ, लालबाग, भायखळा, शिवडी या भागांत धुराड्यांचें रानच उठलें. भोंगा वाजला कीं आंत जावें आणि सुटेपर्यंत बाहेर येऊं नये, हा नियम आमच्या लोकांस अगदीं नवा होता. पुरुषाला तो जड गेला, पण बाईला तो दुप्पट जड गेला. कारण तिचें एक काम फाटकाच्या आंत आणि दुसरें फाटकाच्या बाहेर पडलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. गिरणींत जाणाऱ्या पुरुषांपैकीं पुष्कळ कोंकणांतून, विशेषतः रत्नागिरीकडून, एकटे आलेले असत. बायको गांवीं राहून शेत करी, म्हाताऱ्यांचें पाही, मुलें वाढवी. नवरा मनिऑर्डर पाठवी आणि शिमग्याला, गणपतीला जाऊन येई. संसाराचा मेळ घालण्याची ही एक तऱ्हाच होती. एकच कुटुंब दोन ठिकाणीं वांटून घ्यावयाचें, आणि त्यांतील अर्धा भाग बाईनें तिकडे एकटीनें ओढावयाचा! १९२१ सालच्या शिरगणतींत मुंबई शहरांत हजार पुरुषांमागें स्त्रिया सुमारें सव्वापांचशेंच भरल्या. गोमंतकांतून बोटीवरच्या नोकरीसाठीं येऊन धोबीतलावाच्या कुडांत उतरणाऱ्या आपल्या धर्मबंधूंची कहाणी याहून निराळी नव्हती. त्यांच्याही बायका गांवींच होत्या.

मग गिरणींत बायका गेल्या त्या कोण? घाटावरून दुष्काळानें किंवा कर्जानें उठून सगळें बिऱ्हाड घेऊन आलेल्या कुटुंबांतील. अस्पृश्य म्हणून गांवानें कडेला ठेविलेल्या जातींतील. आणि फार मोठ्या संख्येनें विधवा व टाकलेल्या. ज्यांस घरीं बसणें परवडत नव्हतें त्याच गेल्या. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या गिरणीकामगारांत सुमारें पांचांत एक स्त्री होती. त्यांना रीळ खात्यांत आणि वाइंडिंग खात्यांत घेत. काम उक्तें, म्हणजे जितकें सूत उतरेल तितका पैसा. वर नायकीण असे. कामावर घेणें, काढणें तिच्या हातीं, आणि तिची दस्तुरी पोंचवावी लागे ती निराळीच. लूम आणि साचे बहुतेक पुरुषांकडे राहिले, अर्थात् जास्त पगारही पुरुषांकडेच राहिला. बाईचा पगार हा नवऱ्याच्या पगाराला ‘हातभार’ मानला जाई. जिला नवराच नाहीं तिचा पगार कशाला हातभार, हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं.

त्या बायकांच्या मुलांचें काय होई, हें सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. घरांत म्हातारें माणूस असेल तर मूल त्याच्या जवळ राही. नसेल तर शेजारीण, नाहींतर सहासात वर्षांची थोरली बहीण. आणि तें मूल दिवसभर रडूं नये म्हणून सकाळींच त्याच्या तोंडांत अफूची बाळगोळी घालीत. १९२० नंतर सरकारनें एका स्त्री-डॉक्टरकडून गिरणीकामगार बायकांची चौकशी करविली, तेव्हां हा प्रकार अपवादाचा नसून जवळजवळ घरोघरचा आहे असें उघड झालें. १९२१ सालीं मुंबईंत जन्मनोंद झालेल्या दर हजार मुलांमागें सहाशेंहून अधिक मृत्यु वर्षाच्या आंत नोंदले गेले. हा आंकडा जसाच्या तसा घेऊं नये. बऱ्याच बायका बाळंतपणाला गांवीं जात आणि तान्हें मूल घेऊन परत येत, त्यामुळें जन्म एकीकडे आणि मृत्यु दुसरीकडे नोंदला जाई. पण निम्मा खोटा धरला तरी तो भयंकरच राहतो. बाळगोळी देणाऱ्या आयांना त्या काळच्या सुशिक्षितांनीं निर्दय आणि अडाणी म्हटलें. प्रस्तुत लेखकास तो न्याय वाटत नाहीं. ज्या बाईला अकरा तास साच्यापुढें उभें राहावयाचें आहे आणि जिच्या दहा फुटी खोलींत दुसरें माणूस नाहीं, तिच्यापुढें त्या गोळीखेरीज कोणता मार्ग होता, हें टीकाकारांपैकीं थोड्यांनींच सांगितलें.

अकरा तास म्हटलें ते १८९१ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणें. त्यापूर्वीं बाईच्या तासांस कायद्याची मर्यादाच नव्हती. हा कायदा होण्यास लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा मत्सर जितका कारण झाला तितकीच येथील कामगारांची हांकही झाली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली, आणि तींत दोन गिरणीकामगार स्त्रियांनीं भाषणें केलीं. त्या काळीं घरंदाज बाई परपुरुषासमोर तोंड उघडीत नसे. या दोघींनीं हजारोंसमोर उघडलें. पुढें १० जून १८९० रोजीं रविवारची सुटी पदरांत पडली. रविवार हा आपला प्रभूचा दिवस. लोखंड्यांच्या मंडळींनीं तो खंडोबाचा वार म्हणूनही मागितला होता. सुटी कोणत्याही देवाच्या नांवानें आली तरी बाईला ती धुणें, दळण आणि सारवण यांतच घालवावी लागली. पुरुषाला एक दिवस विसावा मिळाला, तिला एक दिवस घरकामाला मिळाला.

ज्या १८९१ सालीं हिंदुस्थान सरकारनें स्त्रियांचे तास बांधिले, त्याच सालच्या १५ मे रोजीं परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांचें ‘रेरुम नोव्हारुम’ हें परिपत्र प्रसिद्ध झालें. कामगाराला काटकसरीनें संसार चालवितां येईल इतकें वेतन मिळालेंच पाहिजे, तें नाकारणें हा अन्याय आहे, असें त्यांत निर्भयपणें सांगितलें आहे. स्त्रीविषयीं मात्र कांहीं व्यवसाय तिला योग्य नाहींत आणि स्वभावतः ती गृहकृत्यांसाठीं आहे, असा विचार मांडिला आहे. १९३१ सालीं अकराव्या पायसांनीं हाच धागा पुढें नेला. बापाचें वेतन अपुरें म्हणून आईला घराबाहेर राबावें लागणें ही घातक कुरीति होय, असें त्यांनीं बजाविलें. या उपदेशाचा हेतु आईवरील भार हलका करण्याचा होता, आणि युरोपांतील कारखान्यांची स्थिति ज्यांनीं वाचली आहे त्यांस त्यामागील कळवळा समजेल. पण उपदेशाचा अर्धा भागच जगानें उचलला. बाईची जागा घरीं, हें मालकांस, नवऱ्यांस आणि पुढाऱ्यांस तत्काळ पटलें. बापाला कुटुंब पोसण्याइतका पगार द्या, हें मात्र कोणासही तितकें घाईचें वाटलें नाहीं. आपल्या मुलखांत तर हा विचार पूर्वींपासूनच्या एका समजुतीला जाऊन मिळाला. बायको कामाला न जाणें हें घराच्या अब्रूचें लक्षण, अशी ती समजूत. नवऱ्याचा पगार चार रुपयांनीं वाढला कीं पहिली सुधारणा म्हणून बाईला गिरणींतून काढावयाचें, हें चाळींतून सर्रास चाले. आणि नवरा मेला कीं तीच बाई त्याच फाटकाशीं नायकिणीच्या पायां पडे. १९८१ सालीं दुसऱ्या जॉन पॉल यांनीं आपल्या श्रमविषयक परिपत्रांत, आईचें काम समाजानें मोलाचें मानावें आणि स्त्रियांस पुढें येण्यासाठीं कुटुंबावर पाणी सोडावें लागूं नये, अशा रीतीनें श्रमाचीच रचना बदलावी, असें सांगितलें. प्रश्न बाईच्या स्वभावाकडून कामाच्या रचनेकडे यावयास नव्वद वर्षें लागलीं.

कायद्याची कथा याहून बोधप्रद आहे, कारण त्यांत चांगल्या हेतूनें केलेली गोष्ट कशी उलटते तें दिसतें. बाळंतपणांत कामगार स्त्रीला पगारी रजा मिळावी म्हणून नारायण मल्हार जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत बिल आणिलें. तें नामंजूर झालें. १९२८ सालीं मुंबई कायदेकौन्सिलांत तसेंच बिल निघालें तेव्हां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यास पाठिंबा दिला. आईला प्रसूतीच्या आधीं व नंतर विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून खरें पाहतां त्याचा पुष्कळसा भार सरकारनें सोसावयास हवा, असें त्यांचें म्हणणें होतें. तरीपण सध्यां तो मालकावर टाकणेंही गैर नाहीं, कारण स्त्रीकामगारापासून नफा त्याला होतो, असेंही ते म्हणाले. १९२९ सालीं मुंबई इलाख्याचा कायदा झाला. तो हिंदुस्थानांतील या प्रकारचा पहिला. दिवसाला आठ आणे, तेही मोजक्या आठवड्यांपुरते, आणि तें सर्व मालकाच्या खिशांतून.

मालकांनीं हिशेब केला. पुरुषाला ठेविलें तर आठ आण्यांचा प्रश्नच येत नाहीं. कायद्यानें बाईच्या रात्रपाळीस मनाई केलेली. गिरण्या तर दोन-दोन, तीन-तीन पाळ्यांवर चालूं लागलेल्या. त्यांत वाइंडिंगचीं नवीं वेगवान यंत्रें आलीं आणि जेथें चार बायका लागत तेथें एक पुरू लागली. १९४४ सालीं नेमलेल्या रेगे समितीनें देशभरच्या कारखान्यांची पाहणी केली, तेव्हां पोट दिसूं लागलें कीं बाईला कामावरून काढण्याकडे मालकांचा कल असतो, आणि शक्यतों कुमारिका, विधवा किंवा मूल होण्याचें वय उलटलेल्या बायकाच घेतात, असें तिच्या नजरेस आलें. आईपणाच्या रक्षणार्थ केलेल्या कायद्याचा असा अर्थ लावला गेला कीं, जी आई होणार नाहीं तीच बाई बरी! स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत दर दहांत जेमतेम एक स्त्री उरली, आणि पुढील तीस वर्षांत तीही दिसेनाशी होत गेली. १९४८ च्या कामगार राज्यविमा कायद्यानें बाळंतपणाचा खर्च एकट्या मालकावरून काढून सामाईक निधीवर घातला, ही शहाणपणाची गोष्ट झाली. पण गिरणीच्या बाईपुरती ती फार उशिरां आली. त्यानंतर १९६१ सालीं सर्व देशासाठीं बारा आठवड्यांच्या रजेचा कायदा झाला, आणि २०१७ सालीं पहिल्या दोन अपत्यांसाठीं ती रजा सव्वीस आठवड्यांची केली गेली. विम्याच्या कक्षेबाहेरच्या नोकऱ्यांत हे पैसे पुन्हां मालकावरच पडले.

पाळणाघरांचेंही असेंच कांहींसें झालें. १९३४ च्या कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठीं खोली ठेवण्याचे नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला, आणि १९४८ च्या कायद्यानें ती खोली सक्तीची केली. कांहीं गिरण्यांत बऱ्या व्यवस्थेचीं पाळणाघरें होतीं. तरी पुष्कळ आया मूल तेथें आणावयास धजत नसत. पहाटेच्या गर्दींतून तान्हें मूल नेणें, त्याला दृष्ट लागण्याची भीति, कोणत्या जातीची बाई त्याला दूध पाजणार ही शंका, अशीं कारणें होतीं. त्यांवर आज हंसणें सोपें आहे. परंतु खोली बांधली म्हणजे विश्वास बांधला जात नाहीं. जेथें मायाळू आणि ओळखीची दाई ठेविली तेथें मुलें येत. शिवाय एकोणपन्नास स्त्रियांवर थांबलें कीं खोली बांधावी लागत नाहीं, हेंही मालकांस लवकरच उमगलें.

आतां याच शहराच्या दुसऱ्या टोकास वळूं. वर्सोवा, मनोरी, उत्तन, वसईचें पाचूबंदर येथील कोळिणीला ‘तूं काम कां करतेस’ असें विचारण्याची कोणाची छाती आहे? तिच्याकडे धंद्याची वांटणीच अशी कीं, नवरा समुद्रावर आणि बायको बाजारांत. तो मासळी आणी. ती लिलावांत उभी राही, टोपली उचली, भाव करी, आणि पैसा तिच्या कमरेला राही. डिझेलचा, जाळ्याचा, लग्नाकार्याचा खर्च तिच्या सल्ल्यावांचून होत नसे. बाजारांत जाण्यानें तिची किंवा नवऱ्याची अब्रू गेली, असें कोळीवाड्यांत कोणी मानीत नाहीं. उलट बाजारांत न टिकणारी सून ही घराची काळजी मानली जाई. कोळ्यांत ख्रिस्ती आहेत तसे हिंदूही आहेत, आणि या बाबतींत दोघांचा रिवाज एकच. तेव्हां स्त्रीनें बाहेर काम करावें कीं न करावें, हें धर्म ठरवितो असें म्हणणाऱ्यांनीं जरा कोळीवाड्यांत जाऊन यावें. तें पुष्कळअंशीं धंद्याची रीत आणि अब्रूची व्याख्या ठरविते. अर्थात् कोळिणीचाही मेळ फुकट जमत नसे. पहाटे ती धक्क्यावर गेली कीं मागचें घर सासूवर किंवा थोरल्या मुलीवर पडे, आणि कितीतरी थोरल्या मुलींची शाळा त्यापायीं सुटली. आईच्या टोपलीचें ओझें असें मुलीच्या डोक्यावर गेलें, हा हिशेबही मांडावयास हवा.

गिरणींतून निघालेल्या बायका घरीं स्वस्थ बसल्या नाहींत. त्यांचें काम फक्त दिसेनासें झालें. गिरणगांवांत एकट्या राहणाऱ्या हजारों पुरुषांस जेवूं घालणाऱ्या खानावळवाल्या या त्यांतल्याच. एकाच खोलींत नवरा, मुलें, आणि त्याच चुलीवर दहा-वीस पाहुण्यांचा दोन वेळचा सैंपाक. पाहुणा महिन्याच्या शेवटीं पैसे देई, वाणी मात्र रोज मागे. मधली तोंडमिळवणी सावकाराच्या व्याजानें होई. घर सोडावें लागत नाहीं म्हणून हा धंदा अब्रूचा मानला गेला, आणि घरांतच होतो म्हणून तो धंदा आहे हेंच कोणी मानलें नाहीं. गिरणींतला संप मोडतो कीं टिकतो हें पुष्कळ वेळां या बायका उधारीवर किती दिवस जेवूं घालतात यावर ठरे. तरी संपांच्या इतिहासांत त्यांना मिळालेली जागा अगदीं थोडी आहे. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें. त्या मूळच्या गोमंतकाच्या, गोवामुक्तीच्या लढ्यांत भाग घेतलेल्या. त्यांनीं या बायकांना एकत्र करून राष्ट्रीयीकृत बँकांचें कर्ज मिळवून दिलें. खानावळवाली ही उद्योग करणारी स्त्री आहे, असें कागदावर प्रथम लिहिलें गेलें तें अशा रीतीनें. पुढें १८ जानेवारी १९८२ पासून अडीच लाखांच्या घरांतील गिरणीकामगार संपावर गेले आणि अनेक गिरण्या कायमच्याच बुडाल्या, तेव्हां शेंकडों घरांतल्या चुली अशाच बायकांनीं पेटत्या ठेविल्या. कोणी डबे करून, कोणी धुणींभांडीं करून, कोणी भाजी विकून.

याच जातीचें दुसरें उदाहरण गिरगांवचें. १५ मार्च १९५९ रोजीं सात गुजराती बायकांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. तीच पुढें लिज्जत या नांवानें प्रसिद्धीस आली. सकाळीं केंद्रावरून मळलेलें पीठ न्यावें, घरचें करतां करतां पापड लाटावे, आणि वाळवून दुसऱ्या दिवशीं आणून द्यावे, अशी तेथील रीत. बाईनें उंबरठा ओलांडूं नये अशी जेथें चाल होती तेथें कामालाच उंबरठा ओलांडून आंत यावें लागलें. ही युक्ति मोठी नामी. पण तिच्यामुळें घरांतील दुसऱ्या कोणास पोळपाट हातीं धरावा लागला नाहीं, हेंही खरें.

शिकलेल्या मुलींची वाट निराळी होती. रोग्याची सेवा विटाळाची म्हणून उच्च मानल्या गेलेल्या जातींच्या मुली परिचारिकेच्या कामापासून दूर राहिल्या, त्या काळीं आपल्या ख्रिस्ती मुलींनीं तें काम पत्करलें. मठवासिनी भगिनींच्या उदाहरणानें त्याला प्रतिष्ठाही होती. मास्तरणी आणि पुढें कचेऱ्यांतील टंकलेखिका यांतही आपल्या मुली बऱ्याच आढळत. परंतु या नोकऱ्यांत एक न बोललेली अट होती कीं, लग्न झालें म्हणजे राजीनामा द्यावा. कोठें कोठें ती अट चक्क लिहिलेली असे. मुंबईच्या एका औषधांच्या कारखान्यांत, लग्न होतांच मुलीची नोकरी संपते असा नियम होता. लग्न झालेल्या बायका फार गैरहजर राहतात, असें मालकांचें समर्थन. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि १९६५ सालीं न्यायालयानें तें समर्थन फेटाळून तो नियम रद्द ठरविला. गैरहजेरीचें कारण लग्नच आहे असें मानण्यास आधार नाहीं, असें न्यायालयास दिसलें. त्या निकालापूर्वीं किती मुलींनीं अंगठी आणि पगार यांतून एकाची निवड केली असेल!

शेवटीं आपल्याच आगगाडीकडे येऊं. १८६७ सालीं विरारहून मुंबईस लोकल गाडी सुरू झाली, आणि वाडींतल्या बाईच्या टोपलीला मुंबईचा बाजार मिळाला. पहांटेच्या गाडीनें भाजी, केळीं, फुलें, पानें घेऊन ती निघे आणि दुपारच्या चुलीला परत येई. रेल्वेनें तिचें घर आणि बाजार इतके जवळ आणिले कीं, दोन्ही सांभाळणें शक्य झालें. आणि शक्य झालें म्हणून दोन्ही तिनेंच सांभाळावें असेंही ठरून गेलें. तिच्या नाती आज टोपली घेऊन नव्हे, पर्स आणि डबा घेऊन त्याच फलाटावर उभ्या राहतात. ५ मे १९९२ रोजीं चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठीं गाडी सुरू झाली, आणि पुढल्या वर्षीं ती विरारपर्यंत वाढविली गेली. २०१९ सालीं सरकारनें देशभर लोकांच्या दिवसाच्या वेळेचा हिशेब घेतला. त्यांत असें आढळलें कीं, शंभरांतल्या एक्क्याऐंशी स्त्रिया रोज घरकाम करतात, आणि पुरुष मात्र सव्वीस. करणाऱ्या स्त्रीचे त्यांत दिवसाला दोनशें नव्याण्णव मिनिटें जातात आणि करणाऱ्या पुरुषाचीं सत्त्याण्णव. ज्यांस हे आंकडे कोरडे वाटतील त्यांनीं संध्याकाळच्या विरार गाडींत बायकांच्या डब्याकडे नजर टाकावी. स्टेशनाबाहेर घेतलेली गवार मांडीवर पसरलेली असते, शेजारची बाई मटार सोलूं लागते, वसईचा पूल येईपर्यंत अर्धी भाजी निवडून होते.